टॉवर झोपल्यावर

डिसेंबर २००४. पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, सहकारी जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायला रेडिओ संच मांडून बसले होते. अंदमानातून हॅमचा आवाज ऐकू येणं तेव्हा फार दुर्मीळ. २६ तारखेच्या सकाळी जमीन हादरली, मागोमाग त्सुनामी आली, फोन गेले; आणि हौसेखातर नेलेले तेच संच बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला पोचवू लागले. कोण सुखरूप आहे, कुणाला काय हवं आहे.

मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५च्या पुरात मोबाइल खिशात होता, नेटवर्कचा पत्ता नव्हता. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासच तगते. हॅमला मधला टॉवर लागतच नाही. संच, १२ व्होल्टची बॅटरी, दोन झाडांमध्ये ताणलेली तार. आयनांबरावरून परतणाऱ्या लहरी शेकडो किलोमीटर जातात. हातातला व्हीएचएफ संच मात्र साधारण गावापुरताच.

परवाना हवा. वय १२ पूर्ण आणि केंद्र सरकारची परीक्षा, या मुख्य अटी. अभ्यास जमण्यासारखा आहे. नुसता वॉकीटॉकी मागवून कपाटात ठेवणारे मात्र स्वतःचीच समजूत काढतात. पलीकडे ऐकायला कुणी नको का? ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी निदान सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घरात ठेवावा. सेल मात्र बाहेर काढून; आत राहिले की पाझरतात.