आगटी, वारा आणि शेजाऱ्याची गंज

पौष-माघात ज्वारीचा दाणा हुरड्यावर आला, की सोलापूर-बीडकडच्या शिवारांत आगट्या पेटू लागतात. त्याच सुमारास रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागते. आणि शहरांतील गच्च्यांवर अलीकडे ‘बार्बेक्यू’ची शेगडीही येऊन बसली आहे. या आनंदावर विरजण घालण्याचा हेतू नाही. प्रश्न एवढाच, की उघड्यावरच्या या पाकक्रियेत वाऱ्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

वारा निखाऱ्याला प्राणवायू पुरवून तो फुलवितो आणि त्यातील हलका तुकडा उचलून दूर नेऊन टाकतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य व्यय म्हणतात, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सहसा सापडत नाही. हुरडा खातो एक. ठिणगी पडते ती दुसऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर, म्हणजे त्याच्या गुरांच्या उन्हाळ्यावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे आगीबाबतच्या निष्काळजीपणास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दोन हजारांत बरी गंज उभी राहत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणूनच खबरदारीचा भार आग पेटविणाऱ्यानेच उचलला पाहिजे.

शहरवासीयांनीही हे परके मानू नये. मुंबईत कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्या हे तिचे कारण अग्निशमन दलाच्या चौकशीत नोंदले गेले.

जागा निवडताना वारा कोठून येतो एवढे पाहून भागत नाही. तो कोठे जातो हे पाहावे, आणि त्या बाजूला गंज, पाचट, मांडव किंवा कापडी आडोसा नसावा. किनारपट्टीवर तर दिवसाचे खारे वारे रात्री मतलई होतात; सायंकाळी निर्धोक वाटलेली बाजू पोपटी उघडेपर्यंत उलटू शकते. नायलॉनचा पदर वा ओढणी आगीजवळ नको. विझू लागलेल्या कोळशावर रॉकेल ओतणे हा शुद्ध अविचार होय. गॅसची शेगडी वाऱ्याने विझली, तर आधी कळ बंद करावी. हा वायू हवेहून जड असल्याने खालीच साचतो. वारा फार झाला म्हणून पेटती शेगडी खोलीत वा तंबूत नेणारेही भेटतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो जागे होण्याची संधी देत नाही.

शेवटी राख. तिच्यावर माती लोटून निघून जाण्याची आपली रीत आहे. पण मातीखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो आणि पहाटेचा वारा ती माती उडवितो. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि राख हाताला गार लागेपर्यंत तेथून उठू नये.