वारीला होकार, फटफटीला नकार

गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत एक छायाचित्र वारंवार दिसू लागले आहे. पांढऱ्या दाढीमिशांचा एखादा गृहस्थ, अंगात जाकीट, मागे लडाखचा उघडाबोडका डोंगर, बाजूला मोटारसायकल आणि वर ठळक अक्षरांत मथळा : 'वय हा केवळ एक आकडा!' हा मथळा प्रथम ज्याने लिहिला त्याने पस्तिशी ओलांडलेली नसणार, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. वय म्हणजे गुडघा. वय म्हणजे रात्री समोरून येणाऱ्या दिव्याने डोळ्यांपुढे पसरणारे पांढरे धुके, दर दोन तासांनी शोधावा लागणारा आडोसा आणि ब्रेक दाबावा असे मनात येणे व पायाने तो दाबणे यांत वाढलेले निमिषभराचे अंतर. सत्तरीत मोटारसायकल चालवणाऱ्याला हे सारे पाठ असते. ते ठाऊक नसते त्याचे कौतुक करणाऱ्यांना.

दुसरा पक्ष याहून जुना आणि घरगुती आहे. त्याला मथळ्यांची गरज लागत नाही. 'या वयात शोभतं का?' एवढ्या तीन-चार शब्दांत त्याचे काम भागते. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. एक म्हाताऱ्याला डोक्यावर घेतो, दुसरा त्याला पायउतार करतो. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. म्हाताऱ्या माणसाने एखादी गोष्ट केवळ तिच्यात मजा वाटते म्हणून करावी, हे दोघांनाही सोसत नाही. म्हणून एक ती बंद करू पाहतो आणि दुसरा तिला 'प्रेरणादायी' ठरवून तरुणांच्या उपयोगास लावतो.

आक्षेप घेणारे म्हणतील, प्रश्न शोभण्याचा नाही, धोक्याचा आहे. ठीक आहे, धोक्याचीच कसोटी लावून पाहू.

दर आषाढात आळंदीहून पंढरपूरकडे लाखो वारकरी चालत निघतात. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. जवळजवळ तीन आठवडे पावसात भिजायचे, राहुटीत किंवा मिळेल त्या जागी अंग टाकायचे आणि भरधाव वाहनांच्या रस्त्यानेच चालायचे. त्यांत सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसे किती असतात हे ज्याने पालखी पाहिली आहे त्याला सांगावयास नको. त्या म्हाताऱ्यांना कोणी 'शोभतं का' असे विचारत नाही; उलट त्यांच्या पाया पडतात. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हृदयविकाराची गोळी खिशात ठेवून जाणाऱ्या आजोबांना निरोप द्यायला सारी आळी लोटते. प्रस्तुत लेखकाला वारीविषयी पूर्ण आदर आहे. त्याची आजी सोळा वेळा गेली होती. मुद्दा एवढाच, की धोका तेथेही आहे आणि तो आपण डोळे उघडे ठेवून मान्य केला आहे.

दुसरे उदाहरण दूधवाल्याचे. साताऱ्याच्या आसपासच्या गावांतून पहाटे एम-एटीवर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकावून शहरात येणारे, साठी केव्हाच उलटलेले कितीतरी लोक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. अंधार, धुके, ऐंशी लिटरचे हेलकावणारे ओझे आणि डोक्यावर शिरस्त्राणाऐवजी टोपी. त्यांना कोणी हटकल्याचे ऐकिवात नाही. पोटासाठी धोका चालतो, पुण्यासाठी धोका चालतो. चालत नाही तो आनंदासाठी. तेव्हा आक्षेप धोक्याला आहे असे म्हणणे बरोबर नव्हे. आक्षेप आनंदाला आहे.

याचा अर्थ धोका खोटा आहे असा नाही. २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. मृतांपैकी दोनतृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातले होते, या आकड्याकडे बोट दाखवून म्हाताऱ्यांनी मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. म्हातारे कमी मरतात, कारण ते मुळात कमी हिंडतात. पडल्यावर मोडलेले हाड विशीत सहा आठवड्यांत जुळते, सत्तरीत पुष्कळदा अंथरूण धरायला लावते. हे सारे मान्य. परंतु त्यातून 'कोणत्या म्हाताऱ्याने, कोणत्या वेळी, कोणत्या वेगाने' असा प्रश्न निघतो. 'म्हाताऱ्याने नाहीच' असे उत्तर निघत नाही. कायदाही असे उत्तर देत नाही. आपल्याकडे चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरचा १-अ नमुन्यातला दाखला लागतो आणि पंचावन्नानंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांपुरतेच होते. ब्रिटनमध्ये सत्तरीपासून दर तीन वर्षांनी परवाना नव्याने घ्यावा लागतो. या व्यवस्थांमागचे तत्त्व एकच आहे : माणूस तपासा, वय तपासू नका. आपल्याकडे तो दाखला न तपासताच मिळतो हे खरे आहे. त्यावर संताप यावयास हवा तर तो न तपासणाऱ्यांवर यावा. घरातला कर्ता मुलगा वडिलांचे डोळे तपासून घेत नाही, थेट किल्लीच लपवतो.

या मनोवृत्तीला आपल्या साहित्यानेही हातभार लावला आहे, हे साहित्यप्रेमींनी कबूल करावयास हवे. मराठी वाङ्मयातला म्हातारा आठवून पाहावा. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व वाटून टाकतात आणि शेवटी आसऱ्यासाठी वणवण करतात. 'संध्याछाया'मधले नाना-नानी दाराकडे डोळे लावून बसतात. कलाकृती म्हणून दोन्हींचे मोल वादातीत आहे. पण एवढ्या मोठ्या नाटकांनी मिळून वृद्धत्वाचे जे चित्र आपल्या मनावर कोरले, त्यात म्हातारा नेहमी कोणाची तरी वाट पाहत असतो. त्याची सुखदुःखे मुलांच्या वागण्यावर टांगलेली. मुले वाईट निघाली तर शोकांतिका, चांगली निघाली तर सुखांत. मुलांशी काही संबंध नसलेले, त्याचे स्वतःचे असे काही या वयात घडू शकते, ही शक्यता आपल्या रंगभूमीवर फारशी आलीच नाही. तो बाहेर पडतो तेव्हा हाकलला गेलेला असतो. स्वतःहून निघालेला नसतो.

याउलट जॉन स्टाइनबेक पाहा. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रकृतीच्या तक्रारी मागे लागलेल्या असताना त्याने एका ट्रकवर राहण्याची खोली चढवून घेतली, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे 'रोसिनान्ते' हे नाव दिले आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन तो अमेरिका पाहावयास निघाला. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली आले. त्यातले अनेक प्रसंग व संवाद रचलेले आहेत आणि लेखकमहाशय पुष्कळ रात्री त्या ट्रकमध्ये नव्हे तर हॉटेलात झोपले होते, असे पुढे दाखवून दिले गेले. त्यावरून बराच गदारोळ झाला. रचलेले संवाद सत्य म्हणून विकणे गैरच. पण हॉटेलात झोपण्याबद्दल त्याला दोष देणाऱ्यांची अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदा पाठ दुखावयास हवी. म्हातारपणीच्या प्रवासात माघार घेण्याची सोय असावीच लागते.

टेड सायमनचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७३ साली ट्रायम्फ मोटारसायकलवर हा माणूस जगप्रदक्षिणेला निघाला, चार वर्षे हिंडला, भारतातूनही गेला आणि त्याने 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' हे पुस्तक लिहिले. २००१ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, तो जुन्या वाटा धुंडाळत पुन्हा निघाला. केनियात पडून त्याचा पाय मोडला. पाय बरा झाल्यावर त्याने प्रवास पुढे चालू ठेवला. त्या दुसऱ्या फेरीचे पुस्तक पहिल्याइतके उसळते नाही. त्यात गमावलेल्या गोष्टींची मोजदाद आहे, बदललेल्या जगाविषयी विषाद आहे. पण एकच रस्ता दोन वयांत पाहिल्याशिवाय हे पुस्तक लिहिताच आले नसते, आणि तो पाहावयाचा तर म्हाताऱ्याला खोगिरावर बसणे भाग होते.

आता चाकांवरच्या घराविषयी, म्हणजे मोटरहोमविषयी. २०१८ साली मुलीकडे ऑस्ट्रेलियात गेलो असताना क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरील एका तळावर अशा गाड्यांची रांग पाहिली. तेथे निवृत्तीनंतर गाडीतून देशभर फिरणाऱ्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात. करडे भटके म्हणा हवे तर. पंच्याहत्तरीच्या आतबाहेरचे एक जोडपे आले. आजोबा गाडी मागे घेत होते, आजीबाई हाताने खुणा करीत होत्या. जमीन उतरती होती, म्हणून चाकाखाली पाचर सरकवली, पाण्याची नळी जोडली, दोन खुर्च्या बाहेर मांडल्या आणि चहाचे आधण ठेवले. अर्ध्या तासात संसार थाटला गेला. मी हेव्याने पाहत राहिलो. ऐष म्हणून नव्हे. त्या गाडीत इन्सुलिन ठेवायला शीतकपाट होते, मोडक्या गुडघ्यांना चालेल असे शौचालय होते, पथ्याचे शिजवायला शेगडी होती आणि दुपारी डोळा लागला तर पडायला स्वतःचे अंथरूण होते. शरीराच्या प्रत्येक कुरबुरीला त्या गाडीने एक कप्पा दिला होता. आपल्या सहलींत सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला बस. आणि दोन वेळा गाडी थांबवायला सांगणाऱ्या म्हाताऱ्याकडे चाळीस जण वळून पाहतात.

यातही भाबडेपणा नको. जेसिका ब्रुडरचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ साली आले आणि त्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. २००८च्या मंदीनंतर घर परवडेनासे झाल्याने गाडीत राहणारी, गोदामांतून हंगामी मजुरी करीत हिंडणारी वृद्ध माणसे त्यात आहेत. चाकांवरचे सारेच घर सुखाचे नसते. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे. पण अशी गाडी सामान्य निवृत्तिवेतनात बसत नाही. म्हणून मी काही प्रत्येकाने मोटरहोम घ्यावे असे सुचवत नाही. मागणे एवढेच, की ज्याला जे वाहन झेपते त्यावरून त्याला निघू द्यावे. मनुस्मृतीनुसार नातवाचे तोंड पाहिल्यावर गृहस्थाने वनाची वाट धरावी. पत्नीला मुलांकडे सोपवावे किंवा सोबत न्यावे. आपण नेमके त्याच मुहूर्तावर आजी-आजोबांचा व्हिसा काढतो आणि त्यांना परदेशातल्या घरी पाळण्यापाशी रुजू करून घेतो.

येथवर दुसऱ्यांना बोल लावले. आता स्वतःकडे वळणे भाग आहे.

माझ्याकडे १९८६ साली घेतलेली बुलेट आहे. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. ती ताकदीने सुरू होत नाही, रीतीने होते. डिकंप्रेसरची कळ दाबून अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, कळ सोडायची आणि मग शांतपणे किक मारायची. घाई करणाऱ्याला ती घोट्यावर उलटा तडाखा देते. पहाटे वाई गाठायची, पसरणी घाट चाळिसाच्या वेगाने चढायचा, वर पाचगणीला चहा घेऊन ऊन तापायच्या आत परत फिरायचे, हा माझा परिपाठ. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. कुठं जायचं असेल तर मला सांगत जा." आणि बुलेटची किल्ली हुकावरून नाहीशी झाली.

मी पुष्कळ बोललो. स्वातंत्र्य, आत्मसन्मान, स्टाइनबेक, सगळे काढले. पत्नी तांदूळ निवडत होती. मुलगा गेल्यावर ती म्हणाली, "अहो, कसं वाटतं?"

मला समजायला थोडा वेळ लागला. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तिने लुना घेतली. शाळेची नोकरी, मुलांची ने-आण, मंडई, माझ्या आईचा दवाखाना, सारे तिने त्या लुनावर आणि पुढे स्कुटीवर केले. त्याला साहस म्हणावे असे कोणाच्या डोक्यातही आले नाही. पाच वर्षांपूर्वी, एकसष्टाव्या वर्षी, ती मंडईजवळ ओल्या पाल्यावरून घसरली. कोपराला खरचटले. त्या संध्याकाळी मीच तिला म्हणालो होतो, "आता पुरे झालं. काही हवं असेल तर मला सांगत जा." तिने वाद न घालता किल्ली फडताळात ठेवली होती. ती मला काळजी वाटली होती. शब्द तेच, माया तीच. मुलाने ते कोठून उचलले हे वेगळे सांगावयास नको.

संसारासाठी तीस-पस्तीस वर्षे चालवलेली गाडी संसार आटोपताच बाईच्या हातून काढून घेतली जाते, आणि नवऱ्याची गाडी मात्र त्याचा छंद म्हणून दहा वर्षे अधिक टिकते. आनंदाचा हक्क मागणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांनी हा हिशेब आधी चुकता करावा.

पुढल्या आठवड्यात आम्ही दोघेही तपासून घेतले. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया होईपर्यंत गाडी बंद आणि त्यानंतरही अंधारात चालवायची नाही, हे मी मान्य केले. तिचे डोळे स्वच्छ होते. स्कुटीला नवी बॅटरी घातली. मुलाने माझी किल्ली शस्त्रक्रियेनंतर परत दिली. खुशीने नव्हे, पण दिली. त्याला मी एक शब्द दिला आहे. बुलेट मुख्य स्टँडवर चढवायला अंगात अजून बळ आहे. ज्या दिवशी ती चढणार नाही, त्या दिवशी मी स्वतः गिऱ्हाईक शोधीन. पत्नीला विचारले, तुझी कसोटी कोणती? ती म्हणाली, "ते माझं मी बघेन."