युद्धातील असत्य आणि राष्ट्राची पत

जगाचे मत आपल्याकडे वळविण्यासाठी युद्धमान राष्ट्राने थोडीबहुत अतिशयोक्ती केल्यास दोष नाही, असे प्रतिपादन चांगली सुशिक्षित माणसेही करितात. हे मत आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. असत्याने शत्रूची हानी क्षणभर होते. पसरविणाऱ्याची पत मात्र कायमची बुडते, आणि तिचा भुर्दंड बहुधा तिसऱ्यासच भरावा लागतो.

पहिल्या महायुद्धातील इंग्लंडचेच उदाहरण घ्या. सप्टेंबर १९१४ मध्ये मास्टरमन यांच्या देखरेखीखाली लंडनच्या वेलिंग्टन हाउसमध्ये गुप्त प्रचारकचेरी सुरू झाली. नामांकित लेखकांकडून पुस्तके लिहवून घ्यावयाची, ती खासगी प्रकाशकांच्या नावे काढावयाची आणि सरकारचा हात दिसू द्यावयाचा नाही, ही तिची रीत. वास्तविक इंग्लंडची बाजू दुबळी नव्हती. जर्मन सैन्याने बेल्जियममधील दिनाँ येथे ऑगस्ट १९१४ मध्ये सहाशेहून अधिक नागरिक मारिले होते. लूव्हाँचे ग्रंथालय जाळिले होते. परंतु मे १९१५ च्या ब्राइस अहवालात या सत्यांशेजारी शपथेवाचून घेतलेल्या, निनावी साक्षींतील बीभत्स कथांसही स्थान मिळाले. १९१७ मध्ये तर जर्मन लोक स्वतःच्या सैनिकांच्या प्रेतांची चरबी काढतात, अशी वार्ता वृत्तपत्रांनी उठविली.

या वार्तेस आधार नसल्याचा जर्मनीचा खुलासा ऑस्टिन चेंबरलेन यांनी १९२५ साली पार्लमेंटात स्वीकारला. तेव्हा लोकांनी खोट्याबरोबर खरेही टाकून दिले. दिनाँच्या मृतांविषयीही संशय घेतला जाऊ लागला. पुढे १९४३ साली पोलंडमधील विषारी वायूच्या कोठड्यांची वार्ता लंडनला आली, तेव्हा ब्रिटिश संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांस तीच चरबीची कथा आठवली, आणि खऱ्या वार्तेवर त्यांनी अविश्वास दर्शविला. असत्याचे व्याज कोणाकडून वसूल होते, ते यावरून दिसावे.

प्रचारामुळेच अमेरिका युद्धात उतरली ना, असे कोणी विचारील. परंतु तिला उतरविण्यात जर्मन पाणबुड्या आणि झिमरमनची तार यांचा वाटा मोठा होता; आणि ती तार अस्सल असल्याचे तिच्या कर्त्यानेच कबूल केले होते. सर्वांत प्रभावी शस्त्र सत्यच ठरले!

म्हणून ज्या राष्ट्रास जगात नाव राखावयाचे आहे, त्याने तटस्थ बातमीदारांस रणभूमी पाहू द्यावी, साक्षी तिऱ्हाइतांकडून तपासून घ्याव्यात आणि स्वतःच्या सैन्याचे अपराध आपणच प्रथम सांगावेत. ज्याची बाजू न्याय्य आहे, त्यास खोटे बोलण्याचे कारण नाही. आणि ज्यास खोट्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्या बाजूविषयी शंका घेण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार आहे.