वासोट्याच्या ओढ्याकाठी

पाणी कोठून येते असे आमच्या घरातील मुलांना विचारले, तर ती नळाकडे बोट दाखवितात. सांगलीस कृष्णेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या घराची ही स्थिती. मग इतरांची काय कथा! म्हणून गेल्या मार्गशीर्षात घरची सात माणसे व साताऱ्याचे काही स्नेही अशी मंडळी जमवून आम्ही एक ओढा पाहावयास निघालो. “ओढा पाहावयास कोणी एवढे लांब जाते काय?” असे म्हणून आत्याबाई हसल्या. मात्र, “ओढ्यापर्यंत मी येईन, वर गडावर तुमचे तुम्ही जा,” असे बजावून गाडीत प्रथम येऊन बसल्या त्याच.

साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीस उतरावे. तेथून होडीने शिवसागर जलाशय ओलांडला, की तासा-दीड तासाने वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली लागते. होडीत आमचे थोरले बंधू मुलांना कोयनेची माहिती देत होते. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. तेव्हा हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. या जलाशयाचे बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे नेतात व त्यावर वीज करून ते कोकणात सोडतात. उरलेले कोयनेच्या मूळ पात्राने कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीवरून जाते. “म्हणजे आपल्या घागरीतले पाणी आणि आपल्या घरातला दिवा, दोन्ही येथलेच!” असे त्यांनी अभिमानाने सांगितले.

मेट इंदवलीस वनखात्याच्या चौकीत नावे लिहून द्यावी लागतात व जवळच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून दाखवाव्या लागतात. आमचा वाटाड्या पन्नाशीच्या पुढचा, मितभाषी गृहस्थ होता. चौकी मागे पडली आणि थोड्याच वेळात झाडांच्या दाट सावलीत ओढा आला.

पात्रात काळ्या कातळाचे वाटोळे धोंडे, मध्येच एखादा निवळशंख डोह, आणि काठी जांभूळ, हिरडा, अंजनी यांची गर्दी. पावसाळा सरून दोन महिने झाले, तरी पाणी वाहतेच कसे, असे धाकट्या पुतणीने विचारले. वाटाड्याने वाकून काठचा पाचोळा बाजूस सारला व खालची काळी, ओलसर माती तिच्या हाती दिली. कोयनेच्या या खोऱ्यात वर्षास पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. उघड्या डोंगरावरून तो एका दिवसात वाहून जाईल. परंतु रानातली माती व कातळाच्या भेगा तो पोटात साठवितात आणि मग महिनोन्‌महिने थोडथोडा सोडतात. सुगृहिणीने वर्षाचे धान्य कणगीतून बेताबेताने काढावे, तसाच हा प्रकार. ही उपमा अर्थात आत्याबाईंची.

वर फांदीत डहाळ्यापानांचे भले मोठे घरटे दिसले. ते शेकरूचे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी मानलेली ही मोठी, तांबूस खार एकच घरटे न बांधता अनेक बांधते, हे ऐकून मुलांना मोठी गंमत वाटली. पावसाळ्यात या ओढ्यावर निळा-काळा शीळकरी कस्तूर पहाटे गाऊ लागला, म्हणजे कोणी गुराखी पोरच शीळ घालीत जात आहे असा भास होतो, असे वाटाड्या म्हणाला. त्या दिवसांत येथे जळवाही फार.

ओढ्याजवळ मारुती व गणपती यांच्या जुन्या मूर्ती आहेत. आत्याबाई तेथेच जप करीत बसल्या. आम्ही गड चढलो. वासोटा सुमारे १,१७० मीटर उंच. भोवतालचे अरण्य हाच त्याचा खरा तट. म्हणूनच कैदी ठेवण्यास तो सोयीचा वाटे. राजापूरच्या वखारीतील इंग्रज कैद्यांपैकी काही शिवकालात येथे होते. पुढे उत्तर पेशवाईत ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने झुंजविला. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने छत्रपतींचे कुटुंब येथे ठेविले होते. त्याच वर्षी एप्रिलात इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला.

माथ्यावरून सारा जलाशय दिसतो. बंधूंनी सहज विचारले, “तुमचे गाव कोणते?” वाटाड्याने पाण्याकडे बोट केले. “त्या तिथं, खाली. कारवीच्या कुडाचं घर होतं. मी काय बघितलं न्हाई, आजा सांगायचा.”

१९६० नंतर धरणाचे पाणी चढू लागले, तशी गावेच्या गावे उठली. कोणी रायगडास गेले, कोणी सोलापुराकडे, कोणी आमच्या सांगली जिल्ह्यात. कोणी याच डोंगरात वर सरकून राहिले. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. २०१० मध्ये ते व शिराळ्याकडचे चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वर राहिलेल्यांना पुन्हा स्थलांतराचा प्रश्न आला. रान दाट झाले ते याही कारणाने.

“मग हे रान कोणाचे?” पुतणीने विचारले. बंधू वाघाचे म्हणाले, मग सरकारचे म्हणाले, आणि मग काहीच बोलले नाहीत. उतरताना ते वाटाड्याच्या बरोबरीने, सर्वांच्या मागून चालत होते.

बामणोलीस निरोप घेताना त्यांनी त्याच्या हातात ठरल्याहून अधिक रक्कम ठेवली. त्याने अधिकचे पैसे परत केले. जरा घुटमळून म्हणाला, “साहेब, तुम्ही खात्यातले. आज्याचे जमिनीचे कागद हायेत. एकडाव वाचून द्याल का?” आणि पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेले कागद काढले.

सहलीस जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे, पावसाळ्यात ही वाट बंद असते. परवाना घ्यावा, वाटाड्या सोडू नये, आणि नेलेले सर्व परत आणावे. वाचकांस सांगावयाचे ते एवढेच. आम्ही मात्र नेले त्याहून अधिक घेऊन आलो. त्या कागदांच्या नकला बंधूंच्या मेजावर आहेत. चार पिढ्यांची वारसांची नावे जुळवून अर्ज करावयाचा, तर काम किचकट आहे. यश येईलच असे बंधूही म्हणत नाहीत. परंतु हे लिहीत असता शेजारच्या खोलीत ते मजकूर सांगत आहेत, पुतणी सुवाच्य अक्षरांत उतरून घेत आहे, आणि आत्याबाई दर ओळीस विचारीत आहेत, “त्याच्या गावाचे नाव नीट लिहिलेस ना?”