होडी थांबवणाऱ्याचा सन्मान

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. अशा घटनेनंतरचा क्रम आपल्याला पाठ झाला आहे. चौकशी लागते, परवाने तपासले जातात, लाइफ जॅकेटची मोहीम निघते, बातम्या येतात आणि हळूहळू सगळे थंडावते. या साऱ्यात एका माणसाची आठवण कुणाला होत नाही. सागरी मंडळाचा बंदर निरीक्षक किंवा सर्वेक्षक एखाद्या सकाळी जेटीवर उभा राहून ‘ही होडी आज सुटणार नाही’ असे सांगतो. त्या सकाळी अपघात होत नाही, म्हणून बातमीही होत नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढते आहे. अशा वेळी या माणसाच्या उत्तम कामाची जाहीर नोंद घेणे आणि त्याचा सन्मान करणे हे सुरक्षिततेच्या व्यवस्थेचेच अंग मानले पाहिजे.

त्याचे काम किती अवघड आहे, ते मालवणात लगेच कळते. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला डोळ्यांसमोर दिसतो. अंतर एवढे थोडे की प्रवाशाला यात धोका असेल असे वाटतच नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे भरती-ओहोटीबरोबर पाण्याची चाल बदलते आणि वाळूही जागा बदलते. बाहेरगावच्या पर्यटकाला ते दिसत नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना हे कमाईचे दिवस, कारण पावसाळ्यात किल्ल्याची वाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद असतात. होडीवर कर्ज असते, रांगेत माणसे ताटकळत असतात आणि ‘अजून चौघे बसले तर काय बिघडते’ हा प्रश्न मालकाइतकाच पर्यटकही विचारतो. अशा गर्दीत होडीचा तळ, इंजिन, पाणी उपसायचा पंप, अग्निशामक, माणशी एक लाइफ जॅकेट, त्यात मुलांच्या मापाची किती, तांडेलाचा दाखला आणि प्रवाशांची मोजदाद हे सगळे पाहून ‘नाही’ म्हणायचे असते. त्या नकाराची किंमत त्याच दिवशी मोजावी लागते. वाद होतो, वरून फोन येतो, गावात नाव वाईट होते. त्या नकारामुळे कोण वाचले, हे मात्र कधीच सिद्ध करता येत नाही.

नियम कागदावर असले म्हणजे झाले, असे समजणाऱ्यांनी जहाजाच्या भाररेषेचा इतिहास पाहावा. जास्त माल भरून जुनाट जहाजे समुद्रात लोटण्याविरुद्ध ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसॉल यांनी लढा दिला आणि १८७६ मध्ये जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणे कायद्याने सक्तीचे झाले. पण ती रेषा नेमकी कुठे काढायची, हे कायद्याने पुढची कित्येक वर्षे ठरवले नव्हते. मालकाने ती वर काढली तरी कायदा पाळल्यासारखाच होता! रेषेला अर्थ आला तो तिची जागा ठरली आणि ती तपासणारा माणूस ठाम राहिला तेव्हा. आपल्याकडेही मर्यादा ठरलेल्या असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ नौदलाची वेगवान बोट धडकून ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली, तेव्हा तिला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी नेण्याची परवानगी होती. प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. अपघाताचे कारण ती टक्कर होती, जास्तीची गर्दी नव्हे. तरीही परवान्यावरचा आकडा आणि होडीतली माणसे यांतले अंतर रोज कोण मोजतो, हा प्रश्न त्या दिवशी उघडा पडला. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. कोकणाने ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ती आठवण खरोखर जपायची, तर तपासणीची शिस्तही जपायला हवी.

आज या कामात शिक्षा दिसते, शाबासकी दिसत नाही. ७ मे २०२३ रोजी केरळमध्ये तानूर इथे मासेमारीची होडी बदलून बनवलेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जण दगावले. पुढे बोटीला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेतल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. दोषी असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. मात्र चूक झाली तर तुरुंग आणि काम चोख केले तर कुणाला पत्ता नाही, अशी रचना असेल तर माणूस होडीपेक्षा कागद नीट ठेवायला शिकतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना २००७ पासून समुद्रावरील असामान्य शौर्याचा पुरस्कार देते. बुडणाऱ्याला वाचवणे हे थोर काम आहे, यात शंका नाही. पण बुडण्याची वेळच येऊ न देणारा त्याच रांगेत उभा राहायला हवा.

‘हे तर त्याचे कर्तव्यच, त्याचा पगार मिळतो,’ हा पहिला आक्षेप. शिक्षक आणि पोलीसही पगारीच असतात; आपण त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कार आणि पोलीस पदके देतो, कारण कर्तव्याची किमान पातळी आणि उत्तम काम यांत फरक असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. किती होड्या थांबवल्या यावर बक्षीस ठेवले, तर गरीब होडीवाल्यांचा विनाकारण छळ होईल. वर्षभरात अपघात नाही यावर ठेवले, तर नशिबाला बक्षीस मिळेल. म्हणून दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत. तपासणीत काढलेली त्रुटी पुढच्या अचानक भेटीत दुरुस्त झालेली दिसते का, हंगामाच्या गर्दीत तपासणी सैल पडते का, नोंदी जेटीवरच्या वस्तुस्थितीशी जुळतात का, नियम का आहे हे होडीवाल्यांना समजावून सांगितले का, हे पाहावे. निवड करणाऱ्यांत खात्याबाहेरचा सर्वेक्षक, होडी व्यावसायिक आणि मच्छीमारांचे प्रतिनिधी असावेत. ‘आधी भ्रष्टाचार थांबवा, मग सत्कार करा,’ असेही म्हटले जाईल. पण प्रामाणिक माणूस एकटा पडतो तिथेच भ्रष्टाचार फोफावतो. त्याच्या कामाला उघड मान्यता असली, की वरून येणाऱ्या फोनला ‘नाही’ म्हणताना त्याच्या पाठीशी काहीतरी उभे असते.

होडीवाल्यांचे हितही यातच आहे. एक बोट उलटली की मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत साऱ्यांची बुकिंग रद्द होतात. नियम पाळणाऱ्यालाही न पाळणाऱ्याचा दंड भरावा लागतो. कडक निरीक्षक चांगल्या तांडेलाचे नाव राखतो.

महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि जिल्हा प्रशासनाने एवढे करावे: ५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनी निवड जाहीर करावी आणि नारळी पौर्णिमेला, मालवणकर समुद्राला नारळ अर्पण करायला जमतात तेव्हा, बंदरावर सर्वांसमोर त्या निरीक्षकाचा सत्कार करावा. त्याने काय पाहिले, काय थांबवले आणि का, हे तिथे वाचून दाखवावे. पर्यटकांनीही आपला वाटा उचलावा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नये आणि होडी सोडायला नकार देणाऱ्याशी भांडू नये. तो आपली सहल मोडत नसतो, आपल्याला घरी परत पाठवत असतो.