मोठेपणी मी कोण होणार? : गोल शिक्क्याचे वकील

दोस्तांनो, "अमुक कागद नोटरी करून आण," हे वाक्य तुम्ही घरी कधी ना कधी ऐकलंच असेल. मग बाबा किंवा ताई कोर्टाजवळ जातात आणि गोल शिक्का मारलेला कागद घेऊन येतात. एका वाचकमैत्रिणीने विचारलंय, "हा शिक्का मारणारं माणूस व्हायचं तर काय शिकावं लागतं?"

आधी वकील व्हायचं! बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. पदवी घेतली असेल तर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी प्रवेश परीक्षा असते. मग आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून सनद घ्यायची आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची परीक्षा पास व्हायची.

झालं? छे! त्यानंतर किमान दहा वर्षं वकिली करायची. महिलांना आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना सात वर्षं पुरतात. मग सरकारकडे अर्ज. नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करतं, ती १९५२ च्या नोटरी कायद्यानुसार. जागा मोजक्याच असतात. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, पुढे त्याचं नूतनीकरण करावं लागतं. पगार नाही, सरकारने ठरवलेली फी घ्यायची. शिक्क्याचं मापसुद्धा नियमात लिहिलंय : व्यास ५ सेंटिमीटर!

म्हणजे बारावीनंतर लगेच सुरुवात केली, तरी तिशी उजाडणारच. एका शिक्क्यासाठी एवढी वर्षं कशाला?

समजा, एक काका कागद घेऊन आले. "आमच्या वडिलांची सही आहे हो. ते आजारी आहेत, येऊ शकत नाहीत. तुम्ही फक्त शिक्का मारा." कागदावर लिहिलंय, की घराचे सगळे व्यवहार आता हे काका बघतील. सही खरंच आजोबांची आहे का? त्यांनी ती राजीखुशीने केली का? शिक्का पडला की बँक, कोर्ट, कचेरी त्या कागदावर विश्वास ठेवणार. आणि सही खोटी निघाली तर? आजोबांचं राहतं घरच जाईल!

म्हणून चांगला नोटरी शांतपणे सांगतो, "आजोबांना भेटल्याशिवाय जमणार नाही." सही करणारा माणूस समोर हवा, त्याची ओळख पटायला हवी आणि नोंदवहीत नोंद व्हायला हवी. कागदातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, अशी हमी नोटरी देत नाही. "या माणसाने या दिवशी माझ्यासमोर सही केली," एवढंच तो सांगतो. पण तेवढं मात्र शंभर टक्के खरं हवं. गैरवर्तन केलं तर सरकार त्याचं नाव यादीतून काढून टाकू शकतं.

तेव्हा मैत्रिणी, कायदा तर शीकच, पण ओळखीच्या माणसालाही "नाही" म्हणायची सवय आतापासून लावून घे. वर्गात न आलेल्या मैत्रिणीची हजेरी लावायला कुणी सांगितलं, तर काय करशील?