लोकर आटते, हाच तिचा गुण

गरम पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर आटला की घरात हळहळ होते, आणि ते साहजिक आहे. पण हेच आटणे ठरवून घडवले तर त्यातून नवी वस्तू तयार होते. ट्युनिशियातील शेशिया ही लाल टोपी पिढ्यान्‌पिढ्या अशीच बनते. बायका ती घरी सैल आणि भल्यामोठ्या मापाची विणतात. मग गरम पाणी आणि साबण लावून ती मळली जाते, घट्ट झाल्यावर काटेरी बोंडांनी घासून तिच्यावर लव आणली जाते आणि रंग दिला जातो. बास्क प्रदेशातील बेरे टोपीही आधी विणून मग आटवलेली असते. महाराष्ट्रात ज्यांच्या हाती सुया किंवा क्रोशा आहे त्यांनी हे तंत्र आपलेसे करावे आणि ते दख्खनी मेंढीच्या लोकरीवर वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

यामागचे कारण तंतूतच आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके मुळाकडून शेंड्याकडे वळलेली असतात. ओलाव्याने आणि उष्णतेने तंतू फुगतो व लवचीक होतो, साबणाने सहज सरकतो. चोळत राहिले की तंतू एकमेकांत शिरतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. टाके दिसेनासे होतात आणि कात्रीने कापले तरी उसवत नाही असे जाड कापड हाती येते. घरी यासाठी बादली, गरम पाणी, किसलेला साबण आणि रबरी हातमोजे पुरतात. मात्र पिशवी विणायला घेण्याआधी साधारण 15 सेंटिमीटरचा चौकोन विणून मोजावा आणि आटवून पुन्हा मोजावा. सुलट विणीत लांबी बहुधा रुंदीपेक्षा जास्त आटते, म्हणून पिशवी उंचीला वाढवून विणावी लागते. नेहमीपेक्षा जाड सुया घेऊन वीण सैल ठेवावी, कारण तंतूंना सरकायला जागा हवी. कापड दर काही मिनिटांनी बाहेर काढून पाहावे, कारण एकदा घट्ट झालेले पुन्हा सैल होत नाही. शेवटी साबण काढून टाकावा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे, आणि टोपी असेल तर ती पालथ्या पातेल्यावर बसवून वाळवावी.

आता आपल्या लोकरीचे पाहू. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बरीचशी काळी. सनगर समाजातले विणकर तिची घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून ती पक्की करतात. न विणता, नुसती लोकर दाबून केलेले बुरणूसही या मुलखाला नवे नाहीत. म्हणजे ही लोकर घट्ट होऊ शकते, हे आपल्या कारागिरांनीच दाखवून दिले आहे. घोंगडीची मागणी घटली तशी कातरणीची मजुरी लोकरीच्या भावाला जड झाली आणि अनेक मेंढपाळ कातरलेली लोकर चक्क टाकून देऊ लागले. जत भागातल्या माडग्याळसारख्या, मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या मेंढ्यांकडे ओढा वाढला. आपल्या गिरण्या मात्र तलम कपड्यांसाठी ऑस्ट्रेलियाची मेरिनो आणतात. त्या स्पर्धेत दख्खनी लोकर टिकणार नाही. पण गरम पातेल्याखालचे बसकण, खुर्चीची बैठक, सपातांचे तळ, लॅपटॉपचे कव्हर यांना मऊपणापेक्षा जाडी आणि टणकपणा हवा, आणि तिथे हीच लोकर कामाची आहे.

ही लोकर टोचते आणि आपली हवा गरम, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर वस्तूंच्या या यादीतच आहे. यातले काहीच अंगात घालायचे नाही. दुसरा आक्षेप असा की दुकानात मिळणारी ‘लोकर’ स्वस्त आणि रंगीबेरंगी असते. पण तो धागा बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो. तो कितीही मळला तरी आटत नाही आणि तापलेल्या भांड्याखाली वितळतो. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार 6 किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. ही किंमत दुकानाच्या पावतीवर दिसत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सगळी दख्खनी लोकर सारखी आटत नाही. हे खरे आहे. केसाळ, राठ तंतू जास्त असले की कापड नीट घट्ट होत नाही. यावर उपाय निवडीचा आहे. राठ लोकर वेगळी काढावी, गरज पडल्यास थोडी बारीक लोकर मिसळावी आणि प्रत्येक नव्या गुंड्याचा नमुना आधी आटवून पाहावा.

हे काम एकट्या विणणारीवर सोडून चालणार नाही. निवडलेली, स्वच्छ धुतलेली आणि हातविणकामाला योग्य अशी कातलेली दख्खनी लोकर गुंड्यांच्या रूपात शहरातल्या दुकानांपर्यंत पोचली पाहिजे. राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि बचत गट यांनी मिळून हे करण्यासारखे आहे. प्रत्येक गुंड्यावर धागा कशाचा, तो आटतो की नाही, हे मराठीत ठळक छापावे. घोंगडी वाचवा असे आपण वर्षानुवर्षे म्हणतो, पण मेंढपाळाला कातरणीचा खर्च भागेल एवढा भाव मिळाला तरच ती लोकर टिकेल. तो भाव देणारे गिऱ्हाईक आज विणकाम करणाऱ्या हजारो घरांत आहे. त्याच्यापर्यंत माल पोचवणे एवढेच बाकी आहे.